हेल्मेटच्या आतली माणसं: डाफ्ट पंकबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात डाफ्ट पंक या हेल्मेट घालून यंत्रांवर संगीत करणाऱ्या फ्रेंच जोडीवर अर्ध पान लिहिलं होतं. वाटलं होतं कॉलेजची चार पोरं वाचतील आणि विषय संपेल. पण अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत एवढे मेसेज आणि पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. सगळ्यांची उत्तरं देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कोणाचीच टाकलेली नाहीत, फक्त गाव टाकलंय.

प्रश्न (दापोली): दादा, मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि घरी लॅपटॉपवर ट्रॅक बनवतो. गेल्या महिन्यात एक टाकला तर खाली पहिलीच कमेंट आली, "हा नुसता गोंगाट आहे." दोन दिवस काही सुचलंच नाही. डाफ्ट पंकला सुरुवातीला असं कोणी बोललं होतं का? आणि त्यांनी सुरुवात कुठून केली?

उत्तर: बोललं होतं रे, आणि गंमत बघ, त्यांचं नावच तिथून आलंय. थॉमस बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो हे दोघं १९८७ मध्ये पॅरिसच्या लीसे कार्नो या शाळेत भेटले, तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते. १९९२ च्या सुमारास लोराँ ब्रांकोवित्झ या तिसऱ्या मित्राला घेऊन त्यांनी डार्लिन नावाचा गिटारवाला बँड काढला. दोन-चार गाणी बाहेर आली आणि मेलडी मेकर या ब्रिटिश साप्ताहिकाने एका ओळीत निकाल लावला, की हा खुळचट पंकी धांगडधिंगा आहे, इंग्रजीत "डाफ्ट पंकी थ्रॅश". त्या ओळीतलेच दोन शब्द उचलून दोघांनी नवीन जोडीला नाव दिलं, डाफ्ट पंक. तिसरा मित्र पुढे फीनिक्स या बँडमध्ये गेला आणि तिथे त्याचंही चांगलं झालं.

१९९३ मध्ये पॅरिसजवळच्या युरो डिस्नेत एक रेव्ह, म्हणजे रात्रभर नाचायची पार्टी होती, तिथे त्यांनी ग्लासगोच्या सोमा या छोट्या रेकॉर्ड कंपनीवाल्यांच्या हातात आपली डेमो कॅसेट दिली. १९९४ ला पहिली रेकॉर्ड निघाली, १९९५ ला "डा फंक", आणि जानेवारी १९९७ मध्ये पहिला अल्बम आला, "होमवर्क". होमवर्क म्हणजे शब्दशः घरी केलेलं काम, थॉमसच्या बेडरूममध्ये यंत्रं मांडून बनवलेला अल्बम आहे तो. तुझ्या खोलीत आणि त्या खोलीत यंत्रांचा फरक असेल, पण खोली ती खोलीच. आणखी एक गोष्ट तुझ्या वयातच लक्षात ठेव, व्हर्जिनसारख्या मोठ्या कंपनीशी करार करतानाही त्यांनी आपल्या गाण्यांचा ताबा स्वतःकडे ठेवला होता, त्यासाठी डाफ्ट ट्रॅक्स नावाची स्वतःची कंपनी काढली होती. विशीतली पोरं होती ती. थॉमसचे वडील याच धंद्यातले, त्यामुळे घरात जाणकार माणूस होता हे खरं. तुझ्याकडे तसा माणूस नसेल तर सही करण्याआधी कागद वकिलाला दाखव, एवढं तरी कर.

त्या कमेंटचं म्हणशील तर तू पाठवलेला ट्रॅक मी ऐकून सांगतो.

प्रश्न (मालवण): दादानू, माझो झील ह्या हेल्मेटवाल्यांच्या नादाक लागल्यापासून रातभर लॅपटॉप घेवन बसता. एकच गाणा, एकच ओळ, परत परत. ह्येका गाणा म्हणूचा काय?

उत्तर: ताई, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण हा प्रश्न मोठमोठ्या समीक्षकांनाही पडला होता. तुमचा मुलगा बहुतेक "अराउंड द वर्ल्ड" ऐकतोय. अल्बमवर जे लांब गाणं आहे त्यात तेच तीन शब्द १४४ वेळा येतात, दुसरा शब्दच नाही. तरीही ते गाणं आहे, आणि का ते तुम्हाला आपल्याच कोकणातलं उदाहरण देऊन सांगतो.

लहानपणी आमच्या घरासमोर खाडी आणि पलीकडच्या वाडीत देऊळ. सप्त्याच्या रात्री तिकडे भजन लागलं की आधी आमच्या पडवीत फक्त पखवाजाचा धुम् धुम् यायचा, शब्द नाही, टाळ नाही, पेटी नाही, नुसता पाण्यावरून येणारा खालचा आवाज. मग वारा फिरला की हळूहळू पेटी उघडायची, नंतर गळा, आणि सगळ्यात शेवटी टाळांची किणकिण एकदम स्वच्छ यायची, अंगावर काटा यायचा. परत वारा पडला की टाळ गेले, गळा गेला, राहिला पखवाज. भजन तेच चाललेलं असायचं, अभंगाची ओळही तीच, पण पडवीत बसलेल्या आम्हाला दर मिनिटाला वेगळं ऐकू यायचं.

डाफ्ट पंक हेच यंत्रावर हाताने करतात. त्याला फिल्टर म्हणतात. एक खुंटी असते, ती बंद केली की वरचे बारीक आवाज अडतात आणि फक्त खर्ज जातो, उघडली की सगळं मोकळं होतं. ओळ बदलत नाही, खुंटी बदलते. शिवाय एकेक वाद्य आत येतं, बाहेर जातं. त्या गाण्याचा व्हिडिओ मिशेल गोंद्री या फ्रेंच दिग्दर्शकाने केलाय, तो एकदा मुलाबरोबर बसून बघाच. गोल मंचावर सोंगं नाचतात, आणि प्रत्येक सोंग एकेका वाद्याला बांधलेलं आहे: रोबो म्हणजे तो यांत्रिक गळा, ममी म्हणजे ड्रम मशीन, सांगाडे म्हणजे गिटार, उंच खेळाडू म्हणजे बेस. बेस वर चढला की खेळाडू पायऱ्या चढतात, उतरला की उतरतात. जो बाल्या नाच बघत मोठा झालाय त्याला हे समजावून सांगायला लागत नाही, घुंगरू पायात, ढोलकी मधे, तीच चाल शंभर वेळा फिरते आणि तरी बघणारा हलत नाही.

रात्रभर जागणं मात्र बंद करा, त्याला माझं नाव सांगा.

प्रश्न (गुहागर, निवृत्त शिक्षक): नातवाने त्यांचे फोटो दाखवले. तोंड लपवून कला सादर करणं मला पटत नाही. कलावंताने चेहऱ्याने समोर यावं. आपलं मत काय?

उत्तर: सर, नमस्कार. मत सांगण्याआधी माहिती देतो. नव्वदच्या दशकातही ते फोटोत तोंड दाखवायचे नाहीत, काहीबाही मुखवटे घालायचे. हेल्मेट आली २००१ च्या "डिस्कव्हरी" अल्बमच्या वेळी, हॉलिवूडमध्ये स्पेशल इफेक्टचं काम करणाऱ्या टोनी गार्डनरकडून बनवून घेतली, थॉमसचं चंदेरी आणि गी-मान्युएलचं सोनेरी. त्यांनी त्यावर एक गोष्टही रचली, की ९ सप्टेंबर १९९९ ला सकाळी ९ वाजून ९ मिनिटांनी स्टुडिओतल्या सॅम्पलरचा, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्राचा, स्फोट झाला आणि शुद्धीवर आलो तेव्हा आम्ही रोबो झालो होतो.

आता मत. सर, आपल्या गुहागर-दापोलीकडच्या शिमग्यात संकासूर येतो. काळा पेहराव, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. आत कोण आहे ते गावातल्या मोठ्यांना ठाऊक असतं, पण अंगणात तो आला की त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. तो त्या वेळी कोणाचा मुलगा किंवा भाऊ नसतो, संकासूर असतो. पोरं त्याला घाबरतात, मागे धावतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस जेट्टीवर बर्फ फोडत असतो, तेव्हा कोणी वळून बघत नाही. मला त्या दोघांचं हेल्मेट असंच वाटतं. त्यात लपवणं आहेच, मान्य, पण समोरच्याचं लक्ष चेहऱ्यावरून काढून आवाजावर नेणंही आहे. आज प्रत्येक गायक गाण्याआधी स्वतःचा चेहरा विकायला उभा असतो तेव्हा या दोघांनी ग्रॅमी हा संगीतातला मोठा पुरस्कार हातात घेतानाही तोंड उघडलं नाही, चेहरा दाखवला नाही. मला हे फार मोठं वाटतं. तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही, पण एकदा संकासूर म्हणून बघा.

प्रश्न (रत्नागिरी): माझा मित्र म्हणतो डाफ्ट पंक चोर आहेत, जुनी गाणी कापून चिकटवतात. आणि "स्ट्राँगर" हे कान्ये वेस्टचं की त्यांचं? आमच्यात पैज लागलीय.

उत्तर: पैजेचं आधी. "हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर" हे डाफ्ट पंकचं, २००१ च्या अल्बममधलं. २००७ मध्ये कान्ये वेस्ट या अमेरिकन रॅपरने त्याचा तुकडा घेऊन "स्ट्राँगर" केलं. पण डाफ्ट पंकच्या त्या गाण्यातला मूळ तुकडाही एडविन बर्डसाँग या अमेरिकन की-बोर्डवाल्याच्या १९७९ च्या "कोला बॉटल बेबी" मधला आहे. म्हणजे बर्डसाँगकडून पॅरिसला, पॅरिसहून परत अमेरिकेला. पैज दोघांनी वाटून घ्या.

चोरीचं म्हणाल तर फरक आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. कोणाच्या रेकॉर्डचा तुकडा कापून घेतला तर त्याला सॅम्पल म्हणतात, आणि तो घेताना मूळ माणसाचं नाव लावायचं असतं, परवानगी आणि पैशाचं ठरवायचं असतं. "हार्डर बेटर" वर गीतकार-संगीतकारांमध्ये बर्डसाँगचं नाव आहे. आणि नुसतं चिकटवलेलं नाही, तुकडा काही सेकंदांचा, त्यावर व्होकोडर नावाच्या यंत्रातून काढलेला गळा, आणि शेवटी तो गळाच वाद्यासारखा तुटत-वळत जातो, ते सगळं यांचं. जो कापतो त्याला काय कापायचं ते ऐकू यावं लागतं, हजार रेकॉर्डींमधून तेवढेच दोन सेकंद. ज्याने हे कधी करून बघितलं नाही त्याला ते सोपं वाटतं.

आता तुमच्या मित्राला एक सांगा, हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. थॉमसच्या वडिलांचं धंद्यातलं नाव दानिएल व्हांगार्द. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या सुरुवातीला त्यांनी ओटावान नावाच्या ग्रुपसाठी डिस्को गाणी केली. त्यातलं एक फ्रेंच गाणं "ते ओके". त्या गाण्यावर बेतलेलं आपलं गाणं म्हणजे १९८२ च्या "डिस्को डान्सर" मधलं "जिमी जिमी"! गणपती विसर्जनाला बेंजो पार्टीवाले अजूनही ते वाजवतात, नाक्यावर पोचलं की हमखास. म्हणजे मुलगा पहिला अल्बम घेऊन जगाला नाचवायला निघाला त्याच्या पंधरा वर्षं आधी बापाची चाल आपल्या बाजारपेठेतून वाजत गेली होती. मी स्वतः ऑर्केस्ट्रात ती शेकडो वेळा वाजवली, कुठून आली याचा पत्ता नव्हता.

प्रश्न (चिपळूण, साउंडवाले): आमचा भाड्याने साउंड-लाइट द्यायचा धंदा आहे. त्यांच्या पिरॅमिडबद्दल खूप ऐकलं. नेमकं काय होतं ते? एवढं नाव का झालं?

उत्तर: दादा, आधी मागची गोष्ट सांगायला लागेल. २००५ मध्ये त्यांचा तिसरा अल्बम आला, "ह्यूमन आफ्टर ऑल". सहा आठवड्यांत उरकलेला, कोरडा, खरखरीत, आणि खूप समीक्षकांनी तो नाकारला. मलाही तो अल्बम अजून पूर्ण एका बैठकीत ऐकवत नाही, खरं ते सांगतो. लोक म्हणायला लागले यांचं संपलं.

मग २९ एप्रिल २००६. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला कोचेला फेस्टिव्हल, एका तंबूत पडदा सरकला आणि आत लाइटने मढवलेला पिरॅमिड, त्याच्या टोकाशी दोन रोबो. पण तुम्ही धंद्यातले आहात म्हणून सांगतो, लाइट बघून थांबू नका, मिक्स ऐका. त्यांनी आपली गाणी एकामागे एक लावली नाहीत, एकावर एक चढवली. "अराउंड द वर्ल्ड" वर "हार्डर बेटर", आणि ज्या तिसऱ्या अल्बमला लोक नावं ठेवत होते त्यातले तुकडे पहिल्या दोन अल्बममधल्या गाण्यांच्या खाली घातले, आणि ते कोरडे तुकडेच पायाच्या दगडासारखे बसले. दोन गाणी एकत्र लावायची तर लय जुळली पाहिजे आणि सूरही जुळला पाहिजे, नाहीतर दोन बेंजो पार्ट्या एकाच पाखाडीत समोरासमोर आल्यासारखं होतं, ते तुम्ही अनुभवलंय.

लोकांनी मोबाइलवर काढलेले हलते, फाटक्या आवाजाचे व्हिडिओ यूट्यूबवर गेले, यूट्यूब तेव्हा वर्षभराचं होतं. पुढच्या वर्षी तोच शो घेऊन जगाचा दौरा झाला. पॅरिसच्या बेर्सी या मोठ्या सभागृहातलं रेकॉर्डिंग "अलाइव्ह २००७" म्हणून निघालं आणि २००९ ला त्याला ग्रॅमी मिळालं. तुमच्या गोडाऊनमध्ये चांगले स्पीकर असतील तर बॉक्सची रांग न लावता दोनच जोडा, आवाज मध्यम ठेवा आणि हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. कुठे काय आत घेतलंय, कुठे काढलंय ते कळेल.

प्रश्न (सावंतवाडी): आम्ही दोघं चुलतभाऊ मिळून डीजे करतो. ते दोघं फुटले का? भांडण झालं का?

उत्तर: २२ फेब्रुवारी २०२१ ला त्यांनी "एपिलॉग" नावाचा व्हिडिओ टाकला आणि २८ वर्षांची जोडी थांबली. वाळवंटात दोन रोबो चालताहेत, एक थांबतो, दुसरा त्याच्या पाठीवरचं बटण दाबतो, तो दूर चालत जातो आणि फुटतो. तो भाग त्यांच्याच २००६ च्या सिनेमातून घेतलेला आहे. कारण त्यांनी तेव्हा सांगितलं नाही, आणि भांडणाबद्दल कोणी काही सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. थॉमसने २०२३ मध्ये मुलाखतीत एवढं सांगितलं की आजच्या जगात रोबो म्हणून वावरायची इच्छा उरली नाही. तो आता बिनहेल्मेटचा फिरतो, पूर्ण वाद्यवृंदासाठी बॅलेचं संगीत लिहिलंय त्याने, "मिथॉलॉजीज". २८ वर्षांत मोजून चार स्टुडिओ अल्बम. तुम्ही दोघं आत्ताच पैशाचं आणि नावाचं कागदावर लिहून ठेवा, चुलतभाऊ असलात तरी.

प्रश्न (राजापूर): मी बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात आणि बेंजोत ऑक्टोपॅड आणि ढोलकी वाजवतो. आता लग्न-हळदीला लॅपटॉपवाला एकटा येतो, आम्हा सहा जणांचं काम जातं. तुम्ही या यंत्रवाल्यांचं एवढं कौतुक लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. मी त्याच धंद्यातून आलोय, त्यामुळे हळदीच्या मांडवातून सामान परत गाडीत भरताना काय वाटतं ते मला माहीत आहे. आणि तुमच्याचसाठी त्यांच्या शेवटच्या अल्बमची गोष्ट सांगायची मी राखून ठेवली होती.

"रँडम ॲक्सेस मेमरीज" मे २०१३ मध्ये आला. त्याआधी वीस वर्षं हे दोघं यंत्रावरच काम करत होते, जगात त्यांच्याएवढं यंत्र कोणाला कळत नव्हतं म्हटलं तरी चालेल. २०१० ला त्यांनी "ट्रॉन: लेगसी" सिनेमासाठी ८५ वादकांच्या वाद्यवृंदाबरोबर काम केलं. आणि नंतर नवीन अल्बमला बसले तेव्हा त्यांना नुसत्या यंत्रातून हवं ते मिळेना. मग त्यांनी माणसं बोलावली. ड्रमवर ओमर हकीम आणि जॉन "जेआर" रॉबिन्सन, जेआर म्हणजे मायकेल जॅक्सनच्या "ऑफ द वॉल" वर वाजवणारा. बेसवर नेथन ईस्ट. गिटारवर शीक बँडचा नाइल रॉजर्स, "गेट लकी" मधली ती खुळखुळणारी गिटार त्याच्या हाताची. अख्ख्या अल्बममध्ये सॅम्पल फक्त शेवटच्या गाण्यात, बाकी बहुतेक सगळं माणसांनी वाजवलेलं, टेपवर आणि कॉम्प्युटरवर दोन्हीकडे घेतलेलं.

डिस्कोचा जुना जाणता जॉर्जो मोरोडर याला बोलावलं आणि वाजवायला नाही, बोलायला सांगितलं. त्याच्या आयुष्याची गोष्ट. तो आत गेला तर समोर एक सोडून तीन माइक. एक साठच्या दशकातला, एक सत्तरच्या, एक आजचा, ज्या काळाबद्दल तो बोलेल त्या काळाचा माइक. त्याने विचारलं की हा फरक कोणाला ऐकू येणार आहे, तर उत्तर आलं की कोणाला नाही, पण थॉमसला येईल. दादा, ढोलकीची शाई जरा उतरली तरी तुम्हाला जे ऐकू येतं आणि मांडवातल्या पाचशे माणसांना ऐकू येत नाही, ते हेच आहे.

२६ जानेवारी २०१४ ला त्या अल्बमला वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी मिळालं. रोबो स्टेजवर गप्प उभे, त्यांच्या वतीने बोलला पॉल विल्यम्स, अल्बममध्ये गायलेला म्हातारा गीतकार.

याने तुमची सुपारी परत येईल असं मी म्हणणार नाही. यजमानाला सहा माणसांपेक्षा एक माणूस स्वस्त पडतो हे खरंय आणि ते लगेच बदलणार नाही. पण लॅपटॉपवाल्या पोरांकडे एक गोष्ट नाही. त्यांच्याकडे ढोलकीचे जे तयार तुकडे असतात ते सगळ्यांकडे तेच असतात, कुठल्या तरी स्टुडिओत सरळ-सपाट वाजवलेले, त्यात आपल्याकडची ती किंचित मागे रेंगाळून पुढे उडी मारणारी चाल नसते. ती तुमच्या बोटात आहे. चांगला माइक, बंद खोली, आणि तासाभराचं रेकॉर्डिंग, तुमच्या नावाने, ठरलेल्या पैशात, कागदावर लिहून.

याच पानावर वर दापोलीच्या मुलाचा प्रश्न आहे. त्याने ट्रॅक मला आधीच पाठवला होता, छापायला देण्याआधी काल रात्री ऐकला. पोराला सूर आहे, फिल्टर कुठे उघडायचा ते बरोबर कळतं. पण त्याने खाली लावलेली ढोलकी मेलेली आहे, चार मात्रांचा तोच तुकडा, एकही ठोका श्वास घेत नाही. तुम्हा दोघांची हरकत नसेल तर मला कळवा, मी नंबर जोडून देतो. राजापूरहून दापोली लांब आहे, पण मधे रत्नागिरीला माझ्या घरी खोली रिकामी आहे आणि माइक दोन आहेत.